शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत लग्नं वाजवणाऱ्या माणसाने 'ॲसिड हाऊस' वाजवलं होतं, पण कुणी ऐकलंच नाही

जळगाव असो नाहीतर धुळे, लग्नसराईत संध्याकाळी रस्त्यावर उभं राहिलं की दोन आवाज हमखास कानावर येतात. एक बँडच्या गाडीवरच्या कीबोर्डचा, ज्यातून सनई, पावरी, बासरी असं काहीही निघतं. दुसरा डीजेचा, जो कानाच्या आधी छातीत वाजतो. खिडक्यांच्या काचा थरथरतात, पोरं नाचतात आणि म्हातारी माणसं वैतागतात.

छातीत वाजणाऱ्या त्या खोल ठोक्याला रॅप बनवणारी पोरं सरळ '८०८' म्हणतात.

हे ८०८ म्हणजे एका जपानी पेटीच्या नावातला आकडा आहे. पेटी १९८० साली बाजारात आली आणि तीनच वर्षांत तिचं उत्पादन बंद झालं. तिचा आवाज मात्र आजही जगभर वाजतोय.

हीच पेटी, तिच्या जोडीची अजून एक पेटी आणि एक सिंथेसायझर घेऊन १९८२ साली मुंबईतल्या एका वादकाने भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. रेकॉर्ड निघाली, आपटली आणि लोक विसरून गेले. वीस वर्षांनी एका डच माणसाला ती दिल्लीत सापडली, आणि पुढे ती ऐकून जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या चाहत्यांनी डोक्याला हात लावला. कारण ज्या आवाजाचा शोध १९८७ साली अमेरिकेतल्या शिकागोत लागला असं सगळे मानत होते, तो आवाज इथे पाच वर्षं आधीच वाजलेला होता.

त्या वादकाचं नाव चरणजीत सिंग.

हा माणूस होता कोण?

चरणजीत सिंग यांचा जन्म १९४० सालचा. साठ ते ऐंशीच्या दशकांत हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागे जे मोठमोठे वाद्यवृंद वाजायचे, त्यातले ते एक वादक. शंकर-जयकिशन, एस. डी. बर्मन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा सगळ्यांकडे त्यांनी काम केलं. गिटार, बेस गिटार, ट्रान्झिकॉर्ड आणि पुढे सिंथेसायझर ही त्यांची वाद्यं.

अशा वादकांना सिनेमाच्या पडद्यावर जागा नसायची. रेकॉर्डच्या कव्हरवरही बहुतेक वेळा फक्त संगीतकार, गीतकार आणि गायकाचं नाव. गाणं सगळ्या देशाला पाठ, पण त्यातली गिटार कुणाची हे स्टुडिओबाहेर कुणालाच ठाऊक नाही.

रेकॉर्डिंग नसलं की चरणजीत सिंग काय करायचे? लग्नं आणि पार्ट्या वाजवायचे. त्यांची स्वतःची ऑर्केस्ट्रा होती, पत्नी सुपर्णा गायच्या आणि लोकांच्या फर्माईशीची सिनेमातली गाणी वाजायची. म्हणजे ज्याला आपण 'ऑर्केस्ट्रावाला' म्हणतो, अगदी तेच.

फरक एवढाच की या गड्याला नव्या यंत्रांचा नाद होता. बाजारात कुठलं नवीन वाद्य आलं की ते हातात पडेपर्यंत चैन नाही. तसा हा नाद त्या काळात मुंबईत आणखीही काही जणांना होता. केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकातच मिनीमूग सिंथेसायझर हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत आणला होता. आर. डी. बर्मन तर बाटलीत फुंकर मारून आणि ग्लासवर चमचा वाजवून गाणी सजवत होते. प्रयोग करणारी माणसं होती, फक्त ते प्रयोग गाण्याच्या पोटात लपलेले असायचे.

तीन पेट्या, एक माणूस

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या रोलंड कंपनीने तीन यंत्रं काढली आणि तिन्ही चरणजीत सिंग यांच्याकडे आली. त्यातली ३०३ त्यांनी सिंगापूरहून आणली होती.

पहिली टीआर-८०८. हे ठेका वाजवणारं यंत्र. यात खऱ्या ड्रमचं रेकॉर्डिंग नाही, विजेच्या सर्किटमधून ढोल, टाळी आणि झांजेसारखे आवाज तयार होतात. खऱ्या ड्रमशी त्याचं फारसं साम्य नाही, म्हणून सुरुवातीला अनेकांनी त्याला खेळणं म्हणून नाकं मुरडली. अशा सुमारे १२ हजार पेट्या बनल्या. गंमत म्हणजे तिच्या वेगळ्या आवाजामागे मुद्दाम वापरलेल्या सदोष ट्रान्झिस्टरचा हात होता, आणि ते मिळेनासे झाल्यावर पेटी बनवणंच थांबलं.

या पेटीवर एका ओळीत १६ बटणं आहेत. ज्या बटणावर दिवा लावाल तिथे ठोका पडतो आणि सोळा पूर्ण झाले की परत एकपासून सुरू. डिस्कोचा ठेका हवा असेल तर १, ५, ९ आणि १३ या बटणांवर जाड ढोल लावायचा.

तबला शिकलेल्या माणसाला हे आकडे ओळखीचे वाटतील. तीनतालाच्या मात्राही १६ आणि त्याचे चार विभाग सुरू होतात तेही १, ५, ९ आणि १३ वरच. फरक हा की तीनतालात नवव्या मात्रेवर खाली असते, तिथे डग्ग्याचा भार उतरतो. यंत्राला खाली कळत नाही, ते चारही ठिकाणी सारख्याच जोराने ठोकतं.

दुसरी टीबी-३०३. ही बेस गिटारची नक्कल करायला बनवलेली पेटी. एकट्या गिटारवाल्याला सोबत हवी, बेसवाला परवडत नाही, मग हे यंत्र घ्या, अशी कल्पना होती. नक्कल काही जमली नाही. प्रोग्रॅम करायला किचकट, आवाज बेस गिटारसारखा नाही. साधारण १० हजार पेट्या बनल्या आणि १९८४ पर्यंत उत्पादन बंद. उरलेल्या सेकंडहँड दुकानांत पडून राहिल्या.

पण या पेटीत दोन भन्नाट गोष्टी होत्या. पहिली म्हणजे फिल्टर. ओठ जुळवून 'ऊ' म्हणा आणि सूर न बदलता हळूहळू 'आ' आणि मग 'ई' वर या. सूर तोच राहतो पण आवाज उघडत जातो. ३०३ वरची एक कळ फिरवली की नेमकं हेच होतं. दुसरी कळ त्या आवाजाला धार देते, इतकी की तो किंचाळायला लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे स्लाइड. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी न मारता घसरत जायचं. आपल्याकडे यालाच मींड म्हणतात. सतार असो वा गळा, मींड नसेल तर राग कोरडा वाटतो. जपानी इंजिनिअरांनी बेस गिटारसाठी दिलेली ही सोय रागाच्या कामाची आहे, हे चरणजीत सिंग यांच्या लक्षात आलं.

तिसरं यंत्र ज्युपिटर-८, म्हणजे एकाच वेळी आठ सूर वाजवू शकणारा मोठा आणि महागडा सिंथेसायझर. रागाची मुख्य सुरावट त्यांनी यावर हाताने वाजवली.

१९८२: तबला बंद, डिस्को चालू

तेव्हा देशात डिस्कोचं वारं होतं. १९८० च्या 'कुर्बानी'मधलं नाझिया हसनचं गाणं गाजलं होतं आणि १९८२ च्या शेवटी मिथुनचा 'डिस्को डान्सर' आला. बप्पी लाहिरींचा जमाना होता.

चरणजीत सिंग यांनी पुढे मुलाखतीत सांगितलं त्याचा मतितार्थ असा, की सिनेमात डिस्को खूप चाललं होतं, म्हणून त्याच ठेक्यावर काहीतरी वेगळं करावं असं वाटलं. तबला काढून टाकायचा, ठेका डिस्कोचा ठेवायचा आणि वर राग वाजवायचे. इतकी साधी कल्पना.

एचएमव्हीने रेकॉर्ड काढली. नाव होतं 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ललित, भैरव, बैरागी, तोडी, भूपाली, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती आणि मालकंस, असे दहा राग. प्रत्येक जेमतेम पाच मिनिटांचा.

ऐकलं की पहिल्यांदा हसू येतं. भैरव म्हटलं की पहाट, देऊळ, शांतता. इथे त्याच भैरवाचे कोमल रिषभ आणि कोमल धैवत धडधड ठेक्यावर येतात, खाली ३०३ वळवळत असते आणि थांबायचं नावच घेत नाही. दोन मिनिटांनी हसू थांबतं आणि मान हलायला लागते.

शास्त्रीय संगीताच्या जाणकाराला यात चुका काढता येतील, आणि त्या खऱ्याही आहेत. तोडीचा कोमल गंधार हार्मोनियमच्या पट्टीपेक्षा जरा उतरलेला लागतो, यंत्राला ते बारीक अंतर दाखवता येत नाही. आलाप नाही, रागाची सावकाश बढत नाही. पाच मिनिटांत मालकंस म्हणजे एक्स्प्रेस गाडीतून दिसलेलं गाव.

पण प्रयोग म्हणून बघितलं तर यात एक मोठी गोष्ट घडली. पाश्चात्त्य पॉप गाणं कॉर्ड बदलत पुढे सरकतं. राग तसा नसतो. त्याचा षड्ज एकाच जागी पक्का असतो आणि मोजक्या सुरांत फिरत फिरत रंग चढतो. यंत्रालाही नेमकं हेच आवडतं, तेच तेच वाजवत राहणं आणि त्यात थोडा थोडा बदल करणं. राग आणि यंत्र यांचं जमलं ते यामुळे.

लोकांचं मात्र जमलं नाही. डिस्कोवाल्यांना त्यात गाणं नव्हतं, रागवाल्यांना राग नव्हता. रेकॉर्ड खपली नाही आणि चरणजीत सिंग परत आपल्या कामाला लागले.

तिकडे जगात काय चालू होतं?

यंत्राचा आवाज हेच संगीत, ही कल्पना तोपर्यंत बरीच जुनी झाली होती. इटलीच्या लुइजी रुसोलो नावाच्या चित्रकाराने १९१३ सालीच जाहीर केलं होतं की कारखाने आणि मोटारींच्या काळात संगीतानेही गोंगाटाला जवळ करावं. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफेरने रेल्वे इंजिनांचे आवाज रेकॉर्ड केले, ते कापून-जोडून एक रचना केली. ज्याचं बालपण भुसावळच्या यार्डाशेजारी गेलंय त्याला यात नवल वाटणार नाही. डब्यांची टक्कर, शंटिंगची शिट्टी, रुळांची लय, हे सगळं त्याच्या कानात असतंच.

१९७० साली जर्मनीतल्या डसेलडॉर्फ शहरात एक बँड सुरू झाला, क्राफ्टवेर्क. या जर्मन शब्दाचा अर्थ वीजनिर्मिती केंद्र. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बँडने 'दीपनगर' नाव घ्यावं तसं. मोटारीचा लांबचा प्रवास, रेल्वे, रोबो असे त्यांच्या गाण्यांचे विषय.

सत्तरच्या दशकात लंडनमध्ये थ्रॉबिंग ग्रिसल हा चौघांचा गट उभा राहिला. त्यांनी आपल्या रेकॉर्ड कंपनीचं नावच 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' ठेवलं आणि त्यावरून अख्ख्या प्रकाराला इंडस्ट्रियल म्युझिक हे नाव पडलं. एका जुन्या कारखान्याच्या तळघरात त्यांचा स्टुडिओ होता. गटातला ख्रिस कार्टर वाद्यंही स्वतः जुळवायचा. त्यांचं संगीत कानाला गोड लागत नाही, लागू नये अशीच त्यांची इच्छा होती. पोलादासाठी ओळखल्या जाणाऱ्या शेफिल्ड शहरात कॅबरे व्होल्टेअर हा गट असेच प्रयोग करत होता. १९८० साली बर्लिनमध्ये आइनश्ट्युर्त्सेंड नॉयबाउटन या गटाने तर भंगारातले पत्रे आणि ड्रिल मशीनच मंचावर आणलं.

यातली बरीच शहरं कारखान्यांची आहेत. अमेरिकेतलं डेट्रॉइटही मोटारींचं शहर, तिथून टेक्नो आलं. कारखाने कमी होत गेले आणि त्यांचा आवाज संगीतात उतरला.

मुंबईही तेव्हा गिरण्यांचंच शहर होतं. ज्या १९८२ साली चरणजीत सिंग यांची रेकॉर्ड निघाली, त्याच वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातले बहुतेक परत साच्यांवर गेलेच नाहीत. या रेकॉर्डचा त्या संपाशी काही संबंध नाही, ती डिस्कोच्या हौसेतून झाली. पण गिरण्यांचा खडखडाट थांबला त्याच वर्षी त्याच शहरात एक माणूस यंत्राकडून राग वाजवून घेत होता, हा योगायोग चटका लावून जातो.

अहमदाबादचा विसरलेला स्टुडिओ

चरणजीत सिंग यांच्याही आधी भारतात इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक प्रयोग झाला होता आणि त्याची गोष्टही अशीच आहे. जळगावहून एक रेल्वेमार्ग मुंबईकडे जातो आणि दुसरा अमळनेर, नंदुरबार करत तापीच्या खोऱ्यातून सुरतेला. तिथून पुढे अहमदाबाद. या दोन्ही टोकांना हे घडलं आणि खान्देश मधोमध.

अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवून दिला. कॅलिको मिलवाल्या साराभाई घराण्यातले गौतम आणि गिरा साराभाई या संस्थेच्या उभारणीत पुढे होते. त्यांची बहीण गीता साराभाई पखवाज शिकलेल्या. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जॉन केज या नावाजलेल्या प्रयोगशील संगीतकाराला भारतीय संगीताचे धडे दिले आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत समजून घेतलं.

या स्टुडिओत गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी १९६९ ते १९७२ या काळात रचना केल्या. मग काम थांबलं आणि टेप कपाटात गेल्या. जवळपास ४५ वर्षांनी पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने त्या संस्थेच्या संग्रहातून शोधून काढल्या. २०२३ साली त्यांचा अल्बम प्रकाशित झाला, म्हणजे रचना झाल्यावर अर्ध्या शतकाने.

२००२: दिल्लीतली एक जुनी रेकॉर्ड

आता परत चरणजीत सिंग यांच्याकडे येऊ.

१९८७ साली शिकागोत फ्यूचर नावाच्या तीन पोरांच्या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड आली. त्यांनीही कुणाला नको असलेली ३०३ सेकंडहँड घेतली होती. कळा फिरवता फिरवता जो किंचाळणारा, वळवळणारा आवाज निघाला, तोच त्यांनी ठेवला. क्लबमध्ये लोक वेडे झाले. या प्रकाराला ॲसिड हाऊस नाव पडलं, तो इंग्लंडला पोचला आणि तिथल्या एका पिढीची रात्रीची झोप उडाली. जी पेटी कुणी विचारत नव्हतं तिची किंमत गगनाला भिडली.

इतिहास इथून सुरू होतो असं सगळे सांगायचे.

मग २००२ साली एडो बाऊमन या डच संग्राहकाला दिल्लीत एक जुनी रेकॉर्ड मिळाली. हिंदी सिनेमाच्या जुन्या रेकॉर्ड गोळा करणं हा त्याचा छंद. सुई ठेवली आणि त्याला शिकागोच ऐकू आलं. कव्हरवर साल मात्र १९८२. पुढे त्याने चरणजीत सिंग यांना शोधून काढलं आणि २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलवरून रेकॉर्ड परत काढली.

लोकांचा विश्वासच बसेना. ॲफेक्स ट्विन या ब्रिटिश कलाकाराने गंमत म्हणून हे आता बनवलंय आणि जुनी भारतीय रेकॉर्ड म्हणून खपवतोय, अशीही अफवा उठली. सत्तरीतले चरणजीत सिंग जिवंत आहेत आणि मुंबईत राहतात हे कळल्यावर ती विरली. त्यानंतर हा लग्नं वाजवणारा माणूस युरोपच्या मंचांवर जाऊन तेच राग वाजवून आला. ज्या पोरांसमोर वाजवले त्यातली बरीच जण १९८२ साली जन्मलेलीही नव्हती.

५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

मग ॲसिड हाऊस भारतीयांनी शोधलं का?

व्हॉट्सॲपवर हे असंच फिरतं, म्हणून हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा.

सरळ उत्तर, नाही. शिकागोच्या पोरांनी चरणजीत सिंग यांची रेकॉर्ड ऐकली होती असा कुठलाही पुरावा नाही. त्यांनी आपला आवाज आपल्या वाटेने शोधला. शिवाय ॲसिड हाऊस म्हणजे नुसती पेटी नव्हती. त्यामागे शिकागोचे क्लब होते, तिथे नाचणारे कृष्णवर्णीय तरुण होते आणि त्यांचं सगळं जग होतं. चरणजीत सिंग यांच्या डोक्यात तसं काही नव्हतं, त्यांना राग वाजवायचे होते. दोघांकडे एकच यंत्र होतं आणि दोघांनी ते कंपनीने सांगितलं तसं वापरलं नाही, म्हणून निकाल सारखा आला.

पण 'पहिला कोण' या भांडणात खरी गोष्ट बाजूला पडते. शिकागोची रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यामागे नाचणारी माणसं होती, डीजे होते, लिहिणारी माणसं होती. मुंबईच्या रेकॉर्डमागे कुणी नव्हतं. प्रयोग दोघांचा तितकाच धाडसी, पण एकाचा इतिहास झाला आणि दुसऱ्याची धूळ खाणारी तबकडी. ती तबकडी सापडली नसती तर आज हा माणूस आपल्यासाठी झालाच नसता. अहमदाबादच्या टेप कुणी भंगारात काढल्या असत्या तर तिथल्या पाच जणांचंही तेच.

खान्देशाचा आवाज कोण जपतंय?

आता हाच प्रश्न आपल्या घराजवळ आणून बघा.

जळगावला खान्देश मिल होती, अमळनेरला आणि धुळ्याला प्रताप मिल. भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. आज जळगावच्या खान्देश मिलच्या जागेवर दुकानं आणि मॉल आहे. त्या साच्यांचा खडखडाट, तो भोंगा रेकॉर्ड केलेला कुठे ऐकायला मिळतो का, हे जुन्या कामगारांच्या घरी विचारून बघण्यासारखं आहे. कापसाच्या हंगामातल्या जिनिंगचा घरघराट, जळगावच्या डाळ मिलचा आवाज, धुळ्याच्या यंत्रमागांची लय, हे आवाज आज आहेत. ते कायम राहतील याची हमी नाही.

यंत्राच्या लयीवर गाणं रचणं इथल्या बायांना तर कुणी शिकवायचीही गरज पडली नाही. जात्याची घरघर हाच ठेका आणि त्यावर ओवी. असोद्याच्या बहिणाबाईंचं काव्य याच घरोट्यापाशी आणि शेतातल्या कामात जन्मलं. त्या स्वतः लिहीत नव्हत्या. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी ऐकून उतरवून घेतलं म्हणून ते १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तकरूपात आलं. उतरवून घेणारं कुणी नसतं तर?

साक्री आणि नंदुरबारकडच्या पट्ट्यात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात आदिवासी बांधव भोपळा आणि बांबूची पावरी वाजवतात. आज तोच पावरीचा सूर लग्नाच्या बँडच्या कीबोर्डमधून निघतो, खाली इलेक्ट्रॉनिक पॅडचा ठेका आणि पुढे अहिराणी गाणं. कीबोर्ड वाजवणारा तो पोऱ्या काय करतोय? मातीतला सूर घेतोय, परदेशी यंत्रात घालतोय आणि नाचायच्या ठेक्यावर बसवतोय. चरणजीत सिंग यांनी १९८२ साली हेच केलं होतं. त्या पोऱ्याचं नाव मात्र नवरदेवालाही माहीत नसतं.

डीजेचा आवाज किती असावा हा वेगळा विषय आणि म्हाताऱ्या माणसांचं वैतागणं बरोबरच आहे. पण हे सगळं 'नुसता गोंगाट' म्हणून सोडून दिलं तर त्यात कुणी खरंच काही नवीन केलं तरी ते आपल्याला कळणार नाही.

ऐकायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?

चरणजीत सिंग यांचा अल्बम आज इंटरनेटवर ऐकायला मिळतो. सुरुवात भैरवने करा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा, नाहीतर खालचा ३०३ चा आवाज ऐकूच येणार नाही. मग कुठल्याही गायकाचा भैरव ऐका आणि परत यावर या. आधी गमतीदार वाटलेलं आता नेमकं कुठे धाडसी आहे ते कळेल.

त्यानंतर फ्यूचरची 'ॲसिड ट्रॅक्स' लावा. दोन्हीकडे एकच पेटी बोलतेय हे पहिल्या मिनिटात ओळखू येतं. मग क्राफ्टवेर्कचा १९७७ चा 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस' ऐका, त्यात रेल्वेची लय आहे. इंडस्ट्रियल म्हणजे काय ते बघायचं असेल तर थ्रॉबिंग ग्रिसलचा १९७९ चा 'ट्वेंटी जॅझ फंक ग्रेट्स' घ्या. नाव फसवं आहे, त्यात जॅझ-फंक जवळजवळ काहीच नाही. शेवटी अहमदाबादच्या टेपचा अल्बम, तो शांत खोलीत ऐकायचा आहे.

आणि पुढच्या लग्नात बँडवाल्याचं एखादं वाजवणं खरंच आवडलं, तर मोबाइल बाहेर काढून दोन मिनिटं रेकॉर्ड करा. फक्त अपलोड करताना खाली त्याचं नाव, गाव आणि तारीख लिहायला विसरू नका.